जर्मनी सेक्युलर आहे का? म्युनिकला येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही हिंदू, वहिनी वसईच्या कॅथलिक आणि नर्स, मुलगी सहा वर्षांची, तुमचा जॉब म्युनिकला फायनल झालाय, आणि तुम्हाला कळत नाहीये की जर्मनी सेक्युलर देश आहे तर मग पत्त्याच्या रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर धर्म का विचारतात आणि तिथे काय लिहायचं. ऑनलाइन दोन टोकाची उत्तरं मिळतात, एक म्हणजे 'काही फरक पडत नाही, काहीही लिहा' आणि दुसरं म्हणजे 'अरे बापरे पगारातून पैसे कापतात, काही लिहूच नका', आणि दोन्ही तुमच्या केसमध्ये चुकीची आहेत, कारण तुमच्या घरात दोन धर्म आहेत आणि वहिनी नर्स आहेत. हे नर्स असणं इथे फार महत्त्वाचं आहे, त्याच्यावर येतो.

आधी मूळ गोष्ट. जर्मनी फ्रान्ससारखा धर्माला सरकारी दाराबाहेर ठेवणारा देश नाही. १९१९ च्या वायमार घटनेत, म्हणजे जर्मनीच्या आधीच्या घटनेत, लिहिलं होतं की सरकारी चर्च नाही, आणि ती धर्माबद्दलची कलमं १९४९ च्या घटनेत कलम १४० मधून जशीच्या तशी उचलून घेतली, ती आजही लागू आहेत. पण त्याच कलमांनी चर्चला सार्वजनिक संस्थेचा दर्जा आणि मेंबरांकडून टॅक्स घ्यायचा हक्क पण दिला. म्हणजे सरकार आणि चर्च वेगळे आहेत पण पार्टनर आहेत असं समजा. घटनेच्या पहिल्याच ओळीत देवाचा उल्लेख आहे, सत्तेत येणाऱ्या पक्षाच्या नावात 'ख्रिश्चन' आहे, पब्लिक टीव्हीच्या देखरेख मंडळांवर चर्चचे प्रतिनिधी बसतात, आणि तरी चान्सलरला शपथेत देवाचं नाव घ्यायची सक्ती नाही (श्रोएडरने १९९८ ला घेतलं नाही, शोल्त्सने २०२१ ला नाही, कोणाचं काही अडलं नाही).

आता तो फॉर्म. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत अनमेल्डुंग म्हणजे पत्त्याचं रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि त्यात जो धर्माचा रकाना असतो तो तुमची श्रद्धा काय हे विचारायला नसतो, टॅक्स घेणाऱ्या कुठल्या संस्थेचे मेंबर आहात का एवढंच सरकारला हवं असतं. तुम्ही 'काही नाही' लिहा, विषय संपला. हिंदू म्हणून वेगळं काही नोंदवायची गरज नाही, त्याचा फायदा नाही आणि तोटाही नाही. वहिनींचं मात्र तसं नाही. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक माणूस चर्चच्या दृष्टीने जगात कुठेही गेला तरी मेंबरच असतो, त्यामुळे त्यांना 'रोमन कॅथलिक' असं लिहावं लागेल आणि मग किर्शेनश्टॉयर म्हणजे चर्च टॅक्स सुरू होतो.

किती, तर बायर्न म्हणजे बव्हेरिया (म्युनिक याच राज्यात) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, बाकी सगळीकडे ९. पण नीट वाचा, पगाराच्या ८ टक्के नाही, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के. वहिनींचा महिन्याला १००० युरो इन्कम टॅक्स कापला जात असेल तर वर ८० युरो. मूल असेल तर हिशोबात थोडं कमी होतं आणि वर्षाच्या टॅक्स रिटर्नमध्ये हा खर्च म्हणून दाखवता येतो, त्यामुळे प्रत्यक्षात झळ आणखी कमी. सुरुवातीला भाषेचा कोर्स आणि पदवीची मान्यता होईपर्यंत त्या नोकरी करणार नसतील तर त्यांचं उत्पन्न शून्य आणि टॅक्सही शून्य. काही राज्यांत मेंबर नसलेल्या कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाकडे बघून मेंबर बायकोवर वेगळी आकारणी करतात, बायर्नमध्ये ते नाही, सुदैवाने. तुमच्या पगाराला हात लागत नाही.

'मग खोटंच लिहू, कोण बघतंय' असं आपल्या ग्रुप्समध्ये सर्रास सांगतात. नका करू. काही ठिकाणी चर्चचे टॅक्सवाले नंतर पत्र पाठवून बाप्तिस्म्याबद्दल विचारतात आणि मागचा हिशोब काढतात, आणि दुसरं म्हणजे वहिनींना मुलीचं फर्स्ट कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा विधी) वगैरे इथे करायचं असेल तेव्हा त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, जायचंय, तिथे 'मी कॅथलिक आहे' आणि सरकारी नोंदीत 'काही नाही' हे जुळणार नाही.

कायदेशीर रस्ता म्हणजे चर्चमधून बाहेर पडणं. गंमत अशी की त्यासाठी चर्चमध्ये जावं लागत नाही, सरकारी ऑफिसात जातात! बायर्नमध्ये श्टांडेसआम्ट, जिथे जन्ममृत्यू आणि लग्नाची नोंद होते तिथे, बर्लिनमध्ये कोर्टात. ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, थोडी फी भरायची, पाच-दहा मिनिटांचं काम, 'का' असं कोणी विचारत नाही. फादरचं पत्र नंतर घरी येतं. दरवर्षी लाखो लोक असे बाहेर पडतात. पण कॅथलिक बिशपांनी २०१२ मध्ये स्पष्ट केलंय की असं बाहेर पडलेल्याला कम्युनियन नाही, गॉडपेरंट होता येत नाही, चर्चचा अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. 'मी फक्त टॅक्समधून बाहेर पडतो, श्रद्धा तशीच' असा दावा एका प्राध्यापकाने सर्वोच्च प्रशासकीय कोर्टापर्यंत नेला होता, त्याच वर्षी निकाल लागला की असं अर्धवट बाहेर पडता येत नाही. श्रद्धाळू माणसासाठी ८० युरोपेक्षा हा विषय मोठा आहे आणि हा निर्णय वहिनींचा आहे, तुमच्या एक्सेल शीटचा नाही, राग मानू नका.

आणि आता नर्सिंग. जर्मनीत सरकारच्या खालोखाल सगळ्यात मोठे एम्प्लॉयर म्हणजे दोन चर्चच्या संस्था, कॅथलिकांची कारिटास आणि प्रोटेस्टंटांची डियाकोनी, दोन्ही मिळून दहा लाखांच्या वर लोक कामाला, हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, बालवाड्या. पैसा बहुतेक हेल्थ इन्शुरन्सचा आणि सरकारचा, पण नियम चर्चचे. घटनेने चर्चला आपला कारभार आपण चालवायचा हक्क दिलाय आणि कोर्टांनी तो नोकरीच्या नियमांपर्यंत ताणला, इथे नेहमीचा कामगार प्रतिनिधी मंडळाचा कायदा चालत नाही, चर्चचा वेगळा असतो. आधी तर घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून कॅथलिक हॉस्पिटलात नोकरी गेल्याच्या केसेस कोर्टात गेल्यात. २०१८ ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की धर्माची अट कामाच्या स्वरूपाशी खरंच जोडलेली असली पाहिजे, उगाच सरसकट नको, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅथलिक बिशपांनी नियम बरेच सैल केले, आता तुमचं लग्न कसं झालं, कोणाशी झालं, घरात कोण कसं राहतं हा विषय नाही. हिंदू नर्स पण घेतात, मुसलमान पण घेतात, माणसंच मिळत नाहीत तर करणार काय. पण एक गोष्ट राहिली. कॅथलिक होता आणि चर्च सोडलं, हे अजूनही नोकरी न देण्याचं कारण धरलं जातं. कधीच मेंबर नसलेला चालतो, सोडून गेलेला खटकतो.

म्हणून क्रम असा ठेवा की आधी वहिनींना कुठल्या हॉस्पिटलात जायचंय ते बघा, म्युनिकमध्ये महापालिकेची आणि युनिव्हर्सिटीची हॉस्पिटलं पण मोठी आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही, आणि मग टॅक्सचं ठरवा. उलट केलंत तर ८० युरो वाचवायला गेलात आणि निम्म्या जाहिरातींना अर्ज करता येईना असं होईल.

मुलीची शाळा. सरकारी शाळेत धर्म हा घटनेनेच ठरवलेला नियमित विषय आहे, मार्कांसकट. प्रवेशाच्या वेळी विचारतात, कॅथलिक, प्रोटेस्टंट की एटिक म्हणजे नीतिशास्त्र. तुम्ही दोघांनी ठरवायचं. आमच्या ओळखीतली बहुतेक हिंदू मुलं एटिकला जातात आणि तो वर्ग रंगीबेरंगी असतो, अर्धी दुनिया बसलेली असते. मूल १४ वर्षांचं झालं की आपला धर्म कुठला हे ते स्वतः ठरवतं, आईबाप काही करू शकत नाहीत, हा कायदा १९२१ चा आहे! वर्गात भिंतीवर क्रूस दिसेल. १९९५ मध्ये घटनात्मक कोर्टाने सांगितलं की क्रूस लावायची सक्ती चालणार नाही, तर बायर्नने त्याच वर्षी नवा कायदा केला की क्रूस राहील पण पालकांनी गंभीर हरकत घेतली तर तोडगा काढायचा. २०१८ मध्ये झ्योडर बायर्नचे मुख्यमंत्री झाल्यावर राज्य सरकारच्या ऑफिसांच्या प्रवेशाशीपण क्रूस लावायचा आदेश निघाला, त्याच्यावर म्युनिकच्या कार्डिनलनीच टीका केली, आणि २०२३ च्या डिसेंबरात प्रशासकीय कोर्टाने आदेश कायम ठेवला. मला स्वतःला भिंतीवरच्या क्रूसाचा काही त्रास नाही, हा श्रद्धेपेक्षा राजकारणाचा मामला जास्त वाटतो, आपण असली प्रकरणं बघतच मोठे झालोय.

सुट्ट्यांचं कॅलेंडर राज्यागणिक बदलतं आणि ते जवळपास सगळं चर्चचं आहे. बायर्नमध्ये कॅथलिक सुट्ट्यांमुळे तुमची चंगळ, १५ ऑगस्टला म्युनिकला चक्क सुट्टी असते, मेरीच्या स्वर्गारोहणाची, ध्वजवंदनाला जायला बरं पडतं. नोव्हेंबरातला एक बुधवार मात्र लक्षात ठेवा, प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस. १९९५ मध्ये केअर इन्शुरन्सचा (म्हातारपणी किंवा आजारपणात देखभालीसाठीच्या विम्याचा) खर्च मालकांना भरून द्यायला ही सुट्टी सॅक्सनी सोडून सगळीकडे रद्द केली (सॅक्सनीवाले त्या सुट्टीपायी आजही पगारातून जास्त हप्ता भरतात), पण बायर्नमध्ये शाळा त्या दिवशी बंद आणि ऑफिस चालू! दरवर्षी नवीन आलेले आईबाप आदल्या रात्री ग्रुपवर 'उद्या पोरीला कोण सांभाळेल' विचारत असतात. दिवाळीची सुट्टी तुमची तुम्हालाच रजा टाकून घ्यायची.

रविवारी दुकानं बंद, हे पण घटनेतलंच, रविवार हा विश्रांतीचा आणि 'आत्मिक उन्नतीचा' दिवस म्हणून संरक्षित आहे. बर्लिनने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडली तर चर्चवाले कोर्टात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. मोठ्या स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात. शनिवारी किराणा भरा, रविवारी ड्रिल मशीन चालवू नका. गुड फ्रायडेला बायर्नमध्ये नाच आणि बारमधलं संगीत बंद. पाडव्याच्या आसपासच हे दिवस येतात, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमाला हॉल बुक करताना तारीख तपासावी लागते, नाहीतर ढोलताशा मुका.

एक गोष्ट आपल्यापेक्षा सोपी आहे. लग्न, घटस्फोट, दत्तक याला धर्मानुसार वेगळे कायदे नाहीत, सगळ्यांना एकच नागरी कायदा, आणि १८७६ पासून सगळ्या देशात कायद्याने फक्त सरकारी लग्न मोजलं जातं. चर्चमधला किंवा देवळातला विधी ही तुमची हौस. त्यामुळे तुमचं लग्न देवळात झालं की चर्चमध्ये हे इथे कोणी विचारणार नाही, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट विचारतील, ते आणि त्याचं जर्मन भाषांतर हातात ठेवा. आणि वसईच्या पॅरिशमधून वहिनींच्या बाप्तिस्म्याचा दाखला निघायच्या आधीच काढून घ्या, चर्चच्या हॉस्पिटलला अर्ज केला किंवा मुलीचं काही करायचं ठरलं तर तो लागू शकतो आणि इथून मागवत बसण्यात उगाच वेळ जातो.