चितळांचे गोचीड आणि गाईचा ताप

प्रश्न : आमचे गाव ताडोबाच्या बफर क्षेत्रात आहे. गुरे जंगलाच्या कडेला चरतात, रात्री चितळ-सांबर धानाच्या बांधीत उतरतात. दोन गाई तापाने बसल्या, डोळे पांढुरके-पिवळे झाले, शेण घट्ट, दूध आटले. लघवी मात्र साफ आहे. हे हरणांच्या गोचिडांमुळे झाले का?

उत्तर : लक्षणांवरून आधी ॲनाप्लाझ्मोसिसचा संशय घ्यावा. ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल हा गोचिडांतून पसरणारा जिवाणू तांबड्या रक्तपेशींत वाढतो. बाधित पेशी प्लीहेत नष्ट होतात, त्या रक्तवाहिनीत फुटत नाहीत. म्हणून लघवी लाल होत नाही. गोचिडांमुळेच होणारे आणखी दोन ताप आहेत : बबेसिओसिसमध्ये लघवी कॉफीसारखी होते, थायलेरिओसिसमध्ये खांद्यापुढची गाठ सुजते. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. त्यामुळे इंजेक्शनाआधी कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन तपासून घ्या. १९६२ वर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते. निदान झाल्यावर डॉक्टर साधारणपणे लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम देतात. रक्त फार कमी झालेल्या गाईला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका, धापेनेच ती दगावू शकते.

हरणांचा वाटा आहे, पण सगळा दोष त्यांचा नाही. हेमाफायसॅलिस जातीचे गोचीड तीन अवस्थांत तीन जनावरांवर चढतात. हरणावरून गळलेले गोचिडाचे पिल्लू कात टाकून पुढच्या अवस्थेत गाईवर येऊ शकते. गोठ्यात नेहमी दिसणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस मात्र सुमारे २१ दिवस एकाच जनावरावर काढतो. त्याचे नर दाटीने बांधलेल्या गुरांत इकडून तिकडे जातात आणि रोग नेतात. बरी झालेली गाय बहुधा जन्मभर जिवाणू बाळगते. चावऱ्या माश्या आणि एकच सुई तो दुसऱ्या गाईत पोचवतात. म्हणून दर जनावराला नवी सुई हवीच. शिंगे कापायची, टॅगिंगची अवजारेही प्रत्येक वेळी निर्जंतुक करा.

फवारणीसाठी १२.५ टक्के अमिट्राझ हे गोचीडनाशक लिटरभर पाण्यात २ मिली, मोठ्या जनावराला २ ते ३ लिटर द्रावण. आधी पाणी पाजा आणि सकाळी फवारा. केसांच्या उलट दिशेने, कानात, शेपटीखाली, मांड्यांत आणि गळकंबळाखाली भिजवा. अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका, सड धुऊनच दूध काढा. दूध-वापराचा खंड लेबलवर पाहा. उरलेले द्रावण तळ्यात किंवा बोडीत ओतू नका. तीन आठवड्यांच्या आत पुन्हा फवारणी करा, नाहीतर नवी मादी रक्त पिऊन गळते आणि भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. अर्ध्या मात्रेची फवारणी हा सर्वांत वाईट उपाय. त्यातून वाचलेले गोचीड औषधाला दाद देत नाहीत.

गोठ्याच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, खालचा कचरा काढा. मेलेल्या चितळाला हात लावू नका, वनरक्षकाला कळवा.

गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढा, मग हात साबणाने धुवा. गुराख्याला ताप, अंगदुखी आणि तळहात-तळव्यांवर पुरळ आले, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. माणसातला गोचीडजन्य टायफस हा वेगळ्या जिवाणूचा आजार आहे, आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू होणे महत्त्वाचे.