कांजिण्या, देवी, एमपॉक्स आणि लम्पी हे एकाच कुटुंबातले आजार आहेत का? फोड बघून ओळखता येतात का?

चौघांतल्या कांजिण्या परक्या आहेत. देवी, एमपॉक्स (जुनं नाव मंकीपॉक्स) आणि जनावरांचा लम्पी हे पॉक्सव्हिरिडी कुळातल्या विषाणूंचे आजार. कांजिण्यांचा विषाणू हर्पीस कुळातला, आणि तोच पुढे कित्येक वर्षांनी नागीण होऊन डोकं वर काढतो. घोळ सगळा इंग्रजी नावांचा आहे. तिथे ‘पॉक्स’ म्हणजे अंगावरचे फोड, मग ते कशानेही येवोत. एके काळी उपदंशाला ‘मोठा पॉक्स’ म्हणत, म्हणून देवीला ‘स्मॉलपॉक्स’. उपदंश तर जिवाणूचा आजार! मराठीत देवी, कांजिण्या, गोवर ही नावं मुळातच वेगळी, त्यामुळे ‘चिकनपॉक्स’ म्हणायला लागेपर्यंत हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं.

फरक फक्त वर्गीकरणापुरता असता तर सोडून दिलं असतं, पण तो औषधापर्यंत पोचतो. कांजिण्यांवर असायक्लोव्हिर चालतं, कारण हर्पीस कुळातल्या विषाणूच्या एका एन्झाइममुळे ते औषध जागं होतं. पॉक्स विषाणू ते काम करत नाहीत, म्हणून एमपॉक्सला असायक्लोव्हिर घेऊन काही होत नाही, उलट निदान लांबतं.

पॉक्स विषाणू आकाराने विषाणूंच्या मानाने आडदांड, विटेसारखा, लांबी साधारण २०० ते ३५० नॅनोमीटर. त्याच्याकडे दुपदरी डीएनए असतो. डीएनएवाले बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून तिथली यंत्रणा वापरतात. हा मात्र केंद्रकाबाहेर पेशीद्रवातच वाढतो आणि त्यासाठी लागणारी एन्झाइमं स्वतःबरोबर घेऊन येतो. हर्पीससारखा तो मज्जापेशींत लपून बसत नाही, त्यामुळे एमपॉक्स बरा झाल्यावर त्याची नागीण होण्याची भीती नाही.

देवीचा विषाणू फक्त माणसात राहायचा. जंगलात त्याला दुसरं घर नव्हतं, म्हणूनच लसीने त्याचा नायनाट करता आला. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी संपल्याचं जाहीर केलं. एमपॉक्सचं तसं होणार नाही, कारण तो आफ्रिकेतल्या खारी-उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत टिकून आहे. माकडाचं नाव त्याला उगाच चिकटलं: १९५८ मध्ये कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेतल्या माकडांत तो पहिल्यांदा दिसला, एवढंच. माणसातला पहिला रुग्ण १९७० चा, काँगोमधला.

आता फोडांकडे वळतो. पुस्तकी नियम असा: कांजिण्या आधी छाती-पोट-पाठीवर येतात, लाटालाटांनी येतात, आणि एकाच जागी लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं सगळं एकदम दिसतं. फोड वरवरचा, पातळ सालीचा, दवाच्या थेंबासारखा असतो आणि त्याला खाज फार. तळहात-तळपायांवर तो क्वचितच येतो. देवीत दोन-चार दिवस जोरदार ताप आणि कंबरदुखी, मग चेहरा आणि हातापायांवर दाट पुरळ. फोड खोल, बोटाला टणक लागणारे, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. एमपॉक्सचे फोड देवीच्या वळणाचेच, मधोमध खळगा पडलेले, पण त्यात मानेत, काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठी सुजतात. देवीत ते सहसा येत नसे.

हा नियम २०२२ च्या एमपॉक्सच्या साथीपासून लंगडा पडला. तेव्हापासून कित्येक रुग्णांत ताप आधी येतच नाही. जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात दोन-चार फोड एवढंच दिसतं, तेही वेगवेगळ्या अवस्थांतले. शिवाय एकाच माणसाला एमपॉक्स आणि कांजिण्या दोन्ही एकदम झाल्याचीही नोंद आहे. त्यामुळे मोबाइलवर फोटो पाठवून ‘हे काय आहे?’ असं विचारणाऱ्याला खात्रीचं उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खात्री होते ती पीसीआरने, आणि नमुना फोडाचाच हवा. रक्तात विषाणू थोडेच दिवस असतो, म्हणून रक्ताचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी त्याला अर्थ नाही. दोन-तीन वेगळ्या फोडांवर स्वॅब चांगला रगडून घ्यायचा, सुटत आलेली खपली असेल तर तीही पाठवायची. नुसता हलका फिरवला तर पेशी येत नाहीत आणि तपासणी फसते. फोड सुईने फोडू नये, त्याची गरज नसते आणि ती सुई घेणाऱ्याच्याच हाताला टोचायची. नमुना लगेच थंड ठेवावा.

एमपॉक्सची लक्षणं संपर्कानंतर ३ ते २१ दिवसांत दिसतात. रुग्णाने वेगळं राहायचं ते ताप उतरेपर्यंत नव्हे, सगळ्या खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बहुतेक जण इथेच चुकतात: बरं वाटतं म्हणून दहाव्या दिवशी बाहेर पडतात, आणि खपलीत तर विषाणू जिवंत असतो. वाळलेल्या खपलीत पॉक्स विषाणू फार चिवट टिकतो, म्हणून चादरी झटकायच्या नाहीत. आतल्या बाजूला गुंडाळून थेट गरम पाण्यात साबणाने धुवायच्या. फरशी आणि नळाच्या मुठींसाठी ०.५ टक्के ब्लीच पुरतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आणि रोज ताजं करायचं. आधी साबणाने मळ काढा, नाहीतर ब्लीच मळातच संपतं. फोड आलेल्या भागावर दाढी किंवा केस काढू नयेत, आणि फोडाचा हात डोळ्याला लावू नये. बुबुळाला लागण झाली तर दृष्टी जाऊ शकते. डोळा दुखणं, गिळता न येणं, दम लागणं किंवा गुंगी दिसली तर तडक रुग्णालय गाठा.

उपचार मुख्यतः वेदना, पाणी आणि जखमांची काळजी एवढाच. देवीसाठी मंजूर झालेलं टेकोव्हिरिमॅट हे औषध एमपॉक्समध्येही वापरून पाहिलं, पण काँगोमधल्या चाचणीत फोड बरे व्हायला लागणारा वेळ त्याने कमी झाला नाही. लस मात्र कामाची आहे. एमव्हीए-बीएन ही लस चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोसांत देतात. संपर्क झाल्यावर चार दिवसांत पहिला डोस मिळाला तर आजार टळण्याची शक्यता जास्त.

‘माझ्या दंडावर वण आहे, मला देवी काढलेल्या आहेत’ (म्हणजे देवीची लस टोचलेली आहे) असं पुष्कळ जण सांगतात. जन्म १९८० नंतरचा असेल तर तो वण बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा असतो. खरोखर देवी काढलेल्या असतील तर एमपॉक्सपासून थोडंफार संरक्षण मिळतं, पण ते पूर्ण नाही.

लम्पी हा याच कुळातल्या कॅप्रिपॉक्स गटाचा. गायी-म्हशींना होतो, डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो, माणसाला होत नाही. मेंढ्या-शेळ्यांच्या तोंडाला येणारा ऑर्फ आणि गायीच्या सडांवरचा खोटा काउपॉक्स मात्र हाताळणाऱ्याच्या बोटावर उतरतात. तिथे एकच टणक, लालसर-निळसर गाठ येते आणि साधारण सहा आठवड्यांत आपोआप जाते. गळू समजून ती चिरायला निघालात तर जखम चिघळते आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. डॉक्टरांना जनावराशी संपर्क आल्याचं आधी सांगा.