‘वर्कहाउस’ला अनाथाश्रम म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनविषयी मराठीत लिहिताना ‘वर्कहाउस’साठी, म्हणजे गरिबांना मदतीच्या बदल्यात राहायला व राबायला लावणाऱ्या संस्थेसाठी, ‘अनाथाश्रम’ चालेल का? आणि त्याच इमारतींना विरोधक ‘बॅस्टिल’, म्हणजे पॅरिसच्या कुप्रसिद्ध तुरुंगाचं नाव, का देत?

अनाथाश्रम अजिबात नको. मराठीत तो शब्द दयाधर्माच्या बाजूला उभा आहे. अनाथाश्रमावर चालून जाणारा जमाव कोणत्याही मराठी वाचकाला गुंडांचा वाटेल. ऑगस्ट 1842 मध्ये स्टॉकपोर्टला उपाशी कामगार वर्कहाउसमध्ये घुसले आणि तिथले पाव घेऊन गेले. जून 1843 मध्ये वेल्समधल्या कारमार्थनला असाच जमाव वर्कहाउसमध्ये शिरला, त्याला पांगवायला घोडदळ आणावं लागलं. ही माणसं इतकी का चिडली होती, हे ‘अनाथाश्रम’ लिहिलं की कळेनासं होतं.

1601 च्या कायद्यानुसार आपल्या हद्दीतल्या गरिबांना पोसणं ही प्रत्येक पॅरिशची (चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक विभागाची) जबाबदारी होती, आणि बरीचशी मदत घरीच मिळे: थोडे पैसे, धान्य, सरपण. 1834 च्या नव्या कायद्याचा रोख असा होता, की धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्यानं कुटुंबासह वर्कहाउसमध्ये यावं. आत शिरताच नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळ्या भागांत जात. अंगावरचे कपडे जाऊन संस्थेचे येत. काम म्हणजे खडी फोडणं, जुन्या दोरखंडांचे धागे बोटांनी उकलणं, खतासाठी हाडं कुटणं. अँडोव्हरच्या वर्कहाउसमधली भुकेली माणसं त्या कुटायच्या हाडांना चिकटलेलं मांस आणि मगज खात होती, हे 1845 मध्ये उघड झालं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की 1847 मध्ये या कायद्याची अंमलबजावणी पाहणारा गरीब-कायदा आयोगच मोडीत काढून नवं मंडळ नेमावं लागलं.

या सगळ्यामागचं तत्त्व ‘लेस एलिजिबिलिटी’ या नावानं ओळखलं जातं. त्याचं ‘कमी पात्रता’ असं भाषांतर सर्रास केलं जातं आणि ते साफ चुकीचं आहे. इथे ‘एलिजिबल’चा अर्थ पसंत पडण्याजोगं, निवडावंसं वाटेल असं. ‘एलिजिबल बॅचलर’मध्ये तोच अर्थ आहे. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराच्या स्थितीपेक्षाही नकोशी असली पाहिजे, असं ते तत्त्व सांगतं. गरिबाच्या पात्रतेविषयी त्यात काहीच नाही. जिथे मजूरच अर्धपोटी, तिथे त्याच्याहून वाईट स्थिती मुद्दाम घडवायची म्हणजे काय, हे मराठीत नीट उतरलंच पाहिजे. मी ‘अधिक नकोशी अवस्था’ असं लिहीन.

आता ‘बॅस्टिल’. कायद्याच्या भाषेत वर्कहाउस तुरुंग नव्हतं. कोणतंही न्यायालय तिथे पाठवत नसे, थोड्या तासांची सूचना देऊन बाहेरही पडता येई. पण बाहेर पडायचं ते पुन्हा उपाशी राहायला, आणि संस्थेच्या कपड्यांत निघून गेलं तर चोरीचा आरोप. पॅरिसच्या बॅस्टिलमध्ये राजाच्या नुसत्या हुकमावरून, खटला न चालवता माणसं डांबत. तेच नाव वापरून विरोधक विचारत होते: आमचा गुन्हा तरी कोणता? 1789 मध्ये लोकांनी हल्ला करून बॅस्टिल ताब्यात घेतलं, हेही त्या नावात आपसूक येत होतं. म्हणून तिथे ‘तुरुंग’ असा अनुवाद करू नका, ‘बॅस्टिल’च ठेवा.

आणखी एक भीती होती. 1832 च्या शरीरशास्त्र कायद्यामुळे वर्कहाउसमध्ये मेलेल्या आणि कुणी ताब्यात न घेतलेल्या माणसाचं प्रेत विच्छेदनासाठी देता येई. त्याआधी प्रेताचं विच्छेदन ही खुन्यांना दिली जाणारी शिक्षा होती, आणि ती लोकांच्या आठवणीत ताजी होती.

विरोध सर्वांत तापला तो उत्तरेत, यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरणीगावांत. तिथली बेकारी मंदीबरोबर येई आणि मंदी सरली की जाई. चार-सहा आठवडे घरी मदत मिळाली की कुटुंब तरून जाई. 1837 मध्ये आयोगाची माणसं तिकडे पोचली ती नेमकी मंदीत. कायद्याचे कडवे विरोधक रिचर्ड ओस्टलर आणि पाद्री जोसेफ रेनर स्टीफन्स यांनी सभा पेटवल्या. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जॉन फील्डन, टॉडमॉर्डनचा गिरणीमालक आणि खासदार. त्याला स्वतःला या कायद्याची झळ लागणार नव्हती, तरी 1838 मध्ये नव्या व्यवस्थेविरुद्ध त्यानं आपल्या गिरण्या बंद केल्या. टॉडमॉर्डननं 1870 च्या दशकापर्यंत नवं वर्कहाउस बांधलं नाही.

मदतीला कष्टांची कसोटी लावायची ही कल्पना आपल्याकडेही आली. 1876-78 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली, तेव्हा लोक हजारोंनी कामं सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

तेव्हा लेखात ‘वर्कहाउस’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मदतीच्या बदल्यात राहायला व राबायला लावणारी गरिबांची संस्था’ अशी फोड द्या. ‘कामघर’ वाईट नाही, पण त्यातून तिथे राहावं लागे हे समजत नाही. ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’चंही ‘पालक मंडळ’ करू नका, ती गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणारी, करदात्यांनी निवडलेली स्थानिक समिती होती. ‘गार्डियन मंडळ’ पुरेसं आहे.