शिरपेच घालतात की बांधतात?

प्रश्न असा आहे: एका जुन्या दरबारी व्यक्तिचित्राखाली 'सरदाराने मोत्यांचा शिरपेच घातला आहे' अशी ओळ आहे. शिरपेच म्हणजे पागोटंच ना? मग 'शिरपेचात मानाचा तुरा' यातला तुरा कुठे असतो?

शिरपेच म्हणजे पागोटं नव्हे, पागोट्यावरचा दागिना. फारसीत 'सर' म्हणजे डोकं आणि 'पेच' म्हणजे वेढा, पीळ. 'सर'चं 'शिर' आपण करून घेतलं. शिरपेच घालत नाहीत, बांधतात. चित्रात तो कपाळाच्या वर, पागोट्याच्या दर्शनी भागावर शोधावा. मधे मोठं रत्न, त्याच्या वर टोकाशी वळलेलं पान आणि दोन्ही अंगांना बिजागरीने जोडलेले तुकडे. त्यांची रेशमी दोरी मागे बांधलेली असते, म्हणून चित्रात ती सहसा दिसत नाही.

कलगी मुळात पक्ष्याचं पीस. मोगल चित्रांत टोकाला मोती अडकवल्यामुळे ते मागे झुकलेलं दिसतं. पुढे तोच आकार सोन्यात, हिऱ्यांत घडवू लागले आणि इथेच घोळ होतो, कारण शिरपेचाचं मधलं पानही तसंच दिसतं. बाजूचे तुकडे असले तर शिरपेच. एकच दांडी वेढ्यात खुपसलेली असली तर कलगी.

तुरा अरबी 'तुर्रा'वरून आला, म्हणजे कपाळावरची बट, झालर. पागोट्याच्या कडेने लोंबणारा मोत्यांच्या सरांचा झुबका तो तुरा. उसाचा आणि कोंबड्याचा तुरा मात्र उभा असतो, त्यामुळे मराठीपुरतं झुबका हेच लक्षण धरावं, दिशा नव्हे. काही शिरपेचांच्या मागे पिसासाठी नळी असते, तेव्हा वाक्प्रचार अगदीच हवेतला नाही. पण तुरा 'खोवतात'. 'मानाचा तुरा रोवला' हे बातम्यांतलं मराठी. रोवायचा तो झेंडा.

आणखी एक गल्लत शिरपावाची. तो 'सर-ओ-पा', डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख. अशा वस्त्रांसोबत शिरपेचही दिला जाई. 'दिला जाई' हे महत्त्वाचं. मोगल दरबारात शिरपेच बादशहाच्या मर्जीने मिळे, म्हणून सरदाराच्या डोक्यावर तो दिसला की त्याचा मान कळतो, तसंच त्याच्या वर कुणीतरी आहे हेही कळतं. निव्वळ श्रीमंतीची खूण म्हणून तो वाचला तर अर्धा अर्थ निसटतो. अर्थात एकट्या दागिन्यावरून हुद्दा ठरवू नये. चित्रकार पदरचे दोन दागिने सहज चढवतात. बसलंय कोण, उभं कोण, मागे चवरी कुणावर ढाळली जातेय, हेही पाहावं. आणि काठीवरचा पानाच्या आकाराचा सपाट पडदा दिसला तर त्याला छत्र म्हणू नये. ते अबदागीर, मूळ 'आफ्ताबगीर', ऊन अडवणारं.

चित्रातले मोती सरांनी लोंबत असतील, तर ती ओळ अशी हवी: 'पागोट्यावर शिरपेच बांधला असून कडेला मोत्यांचा तुरा आहे.'