बिल्डरच्या ताळेबंदातील साठा आणि आपले सहा लाख

आपले पत्र आणि सोबत जोडलेली वार्षिक अहवालांची पाने वाचली. मुदत ठेव संपून हाती आलेले ६ लाख रुपये घरबांधणी कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवण्याचा आपला विचार आहे. पहिल्या कंपनीचा साठा (जमीन आणि ताबा न दिलेली, बांधकाम चालू असलेली घरे) ३,६०० कोटींचा आणि वर्षभरात विकलेल्या घरांचा खर्च ९०० कोटींचा, म्हणजे साठा चार वर्षे पुरेल इतका. दुसरीचा साठा ९०० कोटींचा आणि खर्च ६०० कोटींचा, म्हणजे दीड वर्षाचा. त्यावरून दुसरी कंपनी साठ्याचे पैसे लवकर मोकळे करते, असे आपण लिहिले आहे. भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

एप्रिल २०१८पासून ‘इंड एएस ११५’ हे हिशेबाचे मानक लागू झाल्यावर अनेक विकासक घराची विक्री ताबा देण्याच्या सुमारासच उत्पन्नात धरतात. त्यामुळे ज्या फ्लॅटचे बुकिंग होऊन निम्म्याहून अधिक हप्ते वसूल झाले आहेत, तोही ताबा देईपर्यंत साठ्यातच दिसतो आणि आलेले पैसे ‘ग्राहकांकडील आगाऊ रक्कम’ म्हणून देण्यांच्या बाजूला बसतात. पहिल्या कंपनीकडे अशी रक्कम २,४०० कोटी आहे. ती वजा केली तर तिचे अडकलेले भांडवल १,२०० कोटी उरते. दुसऱ्या कंपनीकडे आगाऊ रक्कम अवघी १०० कोटी असल्याने ८०० कोटी अडकलेले आहेत. (हा हिशेब ढोबळ आहे, कारण साठा खर्चाच्या भावाने मांडतात आणि आगाऊ रक्कम विक्रीच्या भावाने येते; तुलनेपुरता तो चालतो.) ग्राहकांकडून वर्षभरात झालेली वसुली पहिलीची १,५०० कोटी, तर दुसरीची ४२० कोटी. म्हणजे अडकलेल्या भांडवलाइतकी रक्कम पहिली कंपनी सुमारे दहा महिन्यांत गोळा करते आणि दुसरीला जवळजवळ तेवीस महिने लागतात. दुसरीने गेल्या वर्षी दोन मोठ्या प्रकल्पांचे ताबे दिले, म्हणून तिचा साठा आटलेला दिसतो, एवढेच.

दुसऱ्या कंपनीच्या ८०० कोटींच्या बुकिंगने आपण प्रभावित झालेले दिसता. विकासक हा आकडा नेहमीच ठळक छापतात. परंतु रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, उरलेले पैसे सहसा बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे येतात, आणि बुकिंग रद्दही होते. आलेल्या पैशांपैकीही ७० टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात व काम जितके पुढे सरकेल तितकेच, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रांवर, काढता येतात. तेव्हा ताळेबंदातील रोकड सगळी मोकळी आहे, असे समजू नये.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित बाब व्याजाची आहे. बांधकाम चालू असताना कर्जावरील व्याजाचा मोठा भाग घरांच्या खर्चात मिळवला जातो. त्यामुळे प्रकल्प रखडला तरी नफा लगेच घटत नाही, उलट साठ्याची किंमत फुगत जाते. रोख प्रवाह पत्रकातही भरलेले व्याज बहुधा वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवतात. म्हणून व्यवसायातून आलेल्या रोखीतून ते आपण स्वतः वजा करावे. पहिल्या कंपनीचे ३२० कोटींतून १४० कोटी गेले तरी १८० कोटी उरतात. दुसरीचे ६० कोटींतून ११० कोटी वजा होताच ५० कोटींची तूट पडते. ही तूट नव्या कर्जाने भरली जात असेल, तर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेचे हप्ते थकल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला आणि कित्येक विकासकांची कामे थांबली, ते आठवावे.

जमिनीत कमी पैसा गुंतवणे हा साठा हलका ठेवण्याचा खरा मार्ग आहे. अमेरिकेतील एनव्हीआर ही घरबांधणी कंपनी १९९२मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९९३मध्ये बाहेर आली. तेव्हापासून ती जमीन आधी विकत न घेता मर्यादित अनामत देऊन भूखंडांचा हक्क राखून ठेवते. मुंबईतील पुनर्विकासातही जमीन विकत घ्यावी लागत नाही, मात्र रहिवाशांचे भाडे आणि महापालिकेचे अधिमूल्य (बांधकाम परवानगीसाठीचे प्रीमियम शुल्क) आधी मोजावे लागते.

आता आपल्या पैशांविषयी. ही रक्कम तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी लागणार आहे, आणि एका प्रकल्पाचे भोगवटा प्रमाणपत्र वर्षभर लांबले तरी अशा शेअरचा भाव बराच पडू शकतो. ५ लाख रुपये पुन्हा मुदत ठेवीतच ठेवावेत. उरलेला १ लाख शिक्षणाच्या खर्चातून वगळता येत असेल तरच पहिल्या कंपनीचा विचार करावा, तोही तिच्या महाराष्ट्रातील प्रकल्पांची बुकिंग झालेली घरे व कामाची प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर तपासून. दुसऱ्या कंपनीचे शेअर आपण घेऊ नयेत.