रहस्यकथांमध्ये बायकांवर इतके अत्याचार का असतात? अशा कथा वाचणं सोडावं का?

तुम्ही लिहिलंय, रहस्यकथा आवडतात, पण पहिल्याच प्रकरणात बाईचं प्रेत पाहून आता शिसारी येते. वाचणं मी सोडलं नाही. चाळणी तेवढी बदलली.

गिरगावातल्या आमच्या चाळीखाली वाचनालय होतं. १९८० च्या आसपास मी तिथल्या रहस्यकथा फडशा पाडल्यासारख्या वाचायचे, आईपासून लपवून. मुखपृष्ठावर तोकड्या कपड्यातली बाई, आत तिचाच मुडदा. खून व्हायचा तो जुहूच्या बंगल्यात नाहीतर हॉटेलात, आणि करणारा बहुधा परका.

त्याच काळात वर्तमानपत्रात दर दोन-चार दिवसांनी चार ओळी यायच्या: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आमच्या मजल्यावरचीही एक सून तशीच गेली. चहा करताना पदर पेटला, असं घरच्यांनी सांगितलं. पंचनामा झाला, प्रकरण मिटलं. पण नळावर बायका कुजबुजत होत्या, की त्यांचा स्टोव्ह तर वायसर बदलायला आदल्या दिवशीच दुकानात टाकलेला. यापेक्षा पक्का धागादोरा मला आजवर कुठल्या कथेत सापडलेला नाही. बायकांना कुणी विचारलंच नाही.

कायदा तिथवर पोचला तो नंतर. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत नवऱ्याच्या नि सासरच्यांच्या छळासाठी कलम ४९८अ आलं, १९८६ मध्ये ३०४ब: लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीने मेली आणि मरणाआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी. (२०२४ पासून हीच कलमं नव्या भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० झालीत.) राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत बायकांवरच्या गुन्ह्यांपैकी सुमारे ३१ टक्के एकट्या नवऱ्याच्या नि सासरच्यांच्या छळाचे आहेत. रहस्यकथेतला विकृत खुनी मात्र अजून अंधाऱ्या गल्लीतच दबा धरून बसलाय. माझा राग त्यावर आहे. लेखक रक्त फार सांडतात याचा मला तितका नाही, चुकीच्या घरात सांडतात याचा आहे.

२०१८ मध्ये इंग्लंडात स्टॉन्च पुरस्कार निघाला, ज्यात बाईला मारहाण, पाठलाग, बलात्कार, खून यांतलं काहीही नाही अशाच थरारकथेला. व्हॅल मॅकडर्मिडसारख्या रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखिकांनी त्याला विरोध केला आणि मला तो पटतो. नियमच पाळायचा तर आमच्या मजल्यावरची गोष्ट लिहिताच येणार नाही.

मग चाळणी कसली? प्रेत सापडतं ते पान मी दुकानात उभ्यानेच वाचते. पंचनाम्यातही मयत बाईची साडी, रंग, दागिने लिहितात, पण ओळख पटावी म्हणून. लेखक त्याच जागी मांड्या आणि ओठ न्याहाळायला लागला की पुस्तक खाली. दुसरं म्हणजे, मेलेल्या बाईचं काही अर्धवट राहिलंय का? भिशीचा हप्ता, लोकलचा पास, कुणाशी घातलेला वाद, काहीही. नसेल तर ती फक्त मरायला आणलेली आहे. (बायका लिहितात तेव्हा असं होत नाही, हा भ्रम आहे. होतं.)

या दोन चाचण्यांत निम्मी पुस्तकं गळतात. उरलेली वाचत असते, डोंबिवली फास्टमध्ये, उभ्याने. नळावरच्या बायकांपासून तपास सुरू होणारी मराठी कथा मला अजून मिळालेली नाही. तुम्हाला दिसली तर नाव कळवा.