ग्रामीण भागातल्या कारखान्याची उत्पादकता कमी असते का?

तुम्ही विचारलंय की यंत्रं तीच, माल तोच, मग कारखाना शहरापासून लांब नेला तर माणशी उत्पादन घटतं का. सरासरी पाहिली तर घटतं. पण किती घटेल, हे तुमचा कारखाना रोजच्या कामासाठी कुंपणाबाहेरच्या लोकांवर किती अवलंबून आहे यावर ठरतं. जागा निवडताना नेमकं हेच तपासायचं राहून जातं.

मी देखभाल विभागात काम करतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणावर चालणाऱ्या) मशीनच्या स्पिंडलमधून, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यातून, घरघर येऊ लागली आणि हात लावला तर चटका बसतोय, म्हणजे बेअरिंग गेलं. औद्योगिक शहरात फोन केला की त्याच दिवशी बेअरिंग मिळतं आणि स्पिंडल उघडून, बॅलन्स करून देणारा माणूसही जवळच असतो. लांबच्या ठिकाणी स्पिंडल गाडीत घालून शहरात पाठवावा लागतो. तोवर मशीन बंद, त्याच्या पुढचं ग्राइंडिंग बंद, ऑपरेटर नुसते हजेरीवर. जादा स्पिंडल स्टोअरमध्ये ठेवता येतो, पण मग तेवढं भांडवल अडकून पडतं.

बाहेर करून घ्यायच्या कामांचंही तसंच. हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीत तापवून धातू कडक करायला, माल लांब पाठवायचा तर गाडी भरल्याशिवाय परवडत नाही, म्हणून लॉट मोठा होतो. कडकपणा कमी आलाय हे कळतं तेव्हा सगळा लॉट भट्टीतून निघालेला असतो. भट्टी शेजारी असती तर पहिल्या चार नगांवरच कळलं असतं. कामगारांनी कुठेही कसूर केलेली नसते, तरी महिन्याच्या हिशेबात माणशी उत्पादन त्यांचंच कमी दिसतं आणि बोलणी त्यांनाच बसतात. याची मला खरोखर चीड येते.

आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने 1890 मध्येच हे मांडलं होतं. एका धंद्याचे कारखाने एकत्र आले की कुशल माणसं मिळतात, पूरक धंदे उभे राहतात आणि कामातल्या युक्त्या एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. आकड्यांत सांगायचं तर सिकोन आणि हॉल या अर्थतज्ज्ञांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास केला. रोजगाराची घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत काम करणाऱ्यांची संख्या, दुप्पट झाली की कामगारांची सरासरी उत्पादकता सुमारे 6 टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. हा आकडा एकूण अर्थव्यवस्थेचा आहे, निव्वळ कारखान्यांचा नाही. 6 टक्के किरकोळ वाटतील, पण घनता 32 पट म्हणजे पाच वेळा दुप्पट. तिथे तोच हिशेब लावला तर फरक एक तृतीयांशाच्या घरात जातो.

यावर एक रास्त शंका येते: मुळात चांगले कारखानेच शहराकडे जात असतील तर? ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेटी यांचा 2010 चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. मोठा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून अमेरिकेतल्या काऊंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमध्ये) चुरस असते. ज्या काऊंटीला तो मिळाला आणि जिची संधी थोडक्यात हुकली, त्यांतल्या जुन्या कारखान्यांची त्यांनी तुलना केली. पाच वर्षांनी, मिळालेल्या ठिकाणच्या जुन्या कारखान्यांची एकूण घटक उत्पादकता, म्हणजे तेवढीच माणसं, यंत्रं आणि माल वापरून निघणारं उत्पादन, सुमारे 12 टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे शेजाराचा फायदा खरा आहे. पण तिथले पगारही वाढले, त्यामुळे वाढलेली उत्पादकता सगळी नफ्यात उतरली नाही.

लांबच्या जागेची बाजूही भक्कम आहे. यंत्रागणिक विजेची मोटर आल्यावर एका मजल्यावर, सरळ रेषेत माल पुढे सरकेल अशी मांडणी शक्य झाली आणि तिला मोकळी जमीन लागते. फोर्डचा 1910 चा हायलंड पार्क कारखाना बहुमजली होता, पुढचं अवाढव्य संकुल मात्र डिअरबॉर्नमध्ये रूज नदीकाठी पसरलं. ज्याची प्रक्रिया ठरून गेली आहे, कच्चा माल जवळ आहे आणि देखभाल घरचीच माणसं करतात, अशा कारखान्याला शहराची फारशी गरज नसते. सतत नवे पार्ट, छोट्या ऑर्डरी आणि रोज बदलणारं ड्रॉइंग असेल तर मात्र मी शहर सोडायला सांगणार नाही.

तुलना करताना उत्पादकता कशात मोजलीय तेही बघा. माणशी मूल्यवर्धन (विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाचा आणि कामांचा खर्च वजा करून उरतं ते) पैशांत असतं, त्यात शहरातले चढे पगार आणि चढे भावही मिसळलेले असतात. दोन्हीकडे एकच माल निघत असेल तर माणशी नग आणि मशीन बंद राहण्याचे तास मोजा.

निर्णयापूर्वी गेल्या वर्षाचं गेट रजिस्टर आणि ब्रेकडाउनच्या नोंदी काढा. कुठला पार्ट, कुठलं काम, कुठला तंत्रज्ञ किती वेळा बाहेरून आला ते लिहा आणि प्रत्येकासमोर नव्या जागी लागणारा वेळ टाका. त्या वेळात जी मशीन थांबतील त्यांचे तास मांडलेत की तुमच्या कारखान्यापुरतं उत्तर मिळेल.